आपल्या मुलखाची पुस्तके आणि जात्यावरची ओवी



आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी प्रत्येकीला एकेक विषय वाटून दिला. माझ्या वाट्याला आला तो असा : आपल्या मुलखाची संस्कृती आणि थोरवी सांगणारी पुस्तके. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वान लोक लिहितात तसे मला लिहिता यायचे नाही, हे आधीच सांगून टाकते. परंतु नगरवाचनालयात गेली अकरा वर्षे माझे खाते आहे आणि दुपारची झाकपाक झाल्यावर रोज तासभर मी वाचते. जे इंग्रजीत आहे ते माझी मुलगी वाचून मराठीत सांगते. एवढ्या शिदोरीवर हा लेख आहे.

मुलखाची थोरवी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लढाया येतात, देवळे येतात. त्यांवरची पुस्तके पुष्कळ आहेत आणि ती वाचणारेही पुष्कळ आहेत. मी त्यांच्याविषयी लिहीत नाही. मला शोध घ्यावासा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्या आयाआज्या पहाटे उठून दळत होत्या, कांडत होत्या आणि दळताना गात होत्या. ते त्यांचे गाणे पुस्तकात कधी आले, कोणी आणले, आणि पुस्तकात येताना त्यातले काय गळून पडले?

पहिला पत्ता लागला तो फार जुना निघाला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. ह्या राजाने ११२९ साली ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ पुरा केला. त्यात राज्यकारभार आहे, हत्तीघोडे आहेत, रत्ने आहेत, नाना प्रकारची पक्वान्ने आहेत आणि गाण्याचेही प्रकरण आहे. त्या गाण्याच्या प्रकरणात राजाने नोंद केली आहे की, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात. एवढीच नोंद. कोण स्त्रिया, कोणती ओवी, काही नाही. परंतु विचार करा, भगिनींनो! नऊशे वर्षांपूर्वी एका राजाच्या कानावर मुसळाच्या ठेक्यावरचे गाणे पडले आणि ते त्याला ग्रंथात नोंदावेसे वाटले. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती १२९० साली, म्हणजे ह्या नोंदीनंतर एकशे एकसष्ट वर्षांनी. आणि ती सांगितली तीही ओवीतच. ग्रंथाची ओवी आणि जात्याची ओवी ह्यांची बांधणी अगदी एक नाही, हे खरे. तरी नाव एक आहे. बायकांच्या कामातली ओवी आधीची आणि ग्रंथातली मागाहूनची, असे मला तरी ह्या तारखांवरून दिसते.

ज्ञानेश्वरीच्याही थोडे अगोदर, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या आठवणींचा हा ग्रंथ विदर्भात ऋद्धिपूर येथे तयार झाला. त्याची रीत मला फार आवडली. म्हाइंभट एका जागी बसून लिहीत राहिले नाहीत. ज्याने स्वामींना पाहिले, ऐकले, त्याच्याकडे जाऊन विचारले आणि मग लिहिले. त्या माणसांत स्त्रियाही होत्या. महदाइसा तर त्यांत पुढेच असे. स्वामींना प्रश्न विचारून विचारून तिने कितीतरी गोष्टी बोलत्या केल्या. तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. आज तिला मराठीतली पहिली कवयित्री म्हणून मान देतात. आपण हळदीच्या आदल्या रात्री जी गाणी म्हणतो त्याच कुळातले हे काव्य आहे, हे मुद्दाम लक्षात घ्या.

त्याच पंथातली आणखी एक हकिकत आहे. स्वामींच्या मागून नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले. एका विद्वान शिष्याला संस्कृतात ग्रंथ लिहायचा होता. नागदेवाचार्यांनी त्याला नको म्हणून सांगितले. कारण काय, तर संस्कृत केलेस तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील! मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. मराठीत ग्रंथ का लिहावेत ह्याची कारणे मोठमोठ्या माणसांनी पुष्कळ दिली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या वेळीही भाषणे पुष्कळ झाली. पण म्हाताऱ्या बायकांना कळावे म्हणून, हे कारण मला सगळ्यांत पटले. पुढे मात्र ह्याच पंथाची पुस्तके सांकेतिक लिपीत गेली आणि शेकडो वर्षे बाहेरच्यांना वाचताच आली नाहीत, हाही दैवाचा खेळच.

मधल्या काळावर मी जास्त लिहीत नाही. जनाबाईंचे दळण-कांडण आपण सगळ्याच जाणतो. त्याविषयी दर आषाढीला आपल्या मंडळात कोणीतरी बोलतेच.

इंग्रजी राज्य आल्यावर मुलखावरची पुस्तके निराळ्या कामासाठी होऊ लागली. राज्य चालवायचे तर मुलूख माहीत हवा, म्हणून मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर निघाले. जेम्स कँपबेल त्याचे संपादक. सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ सालचा आहे. आपला वाळवे तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला १९४९ साली आणि त्याचे नाव सांगली पडले १९६० साली. तो खंड आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. मुलीने मला त्यातला आपल्या भागाचा मजकूर वाचून दाखविला. पिके, बाजार, रस्ते, धंदे, जातीजातींचे राहणे, सगळे तपशीलवार आहे. काम नेटके आहे, त्याला नावे ठेवणार नाही. पण तो मजकूर ऐकताना मला सारखे वाटत होते की, कोणीतरी परका माणूस आपल्या ओसरीवर बसून घरातल्या भांड्यांची यादी करतो आहे. भांडी बरोबर मोजली आहेत, पण त्यात शिजते काय आणि वाढते कोण ते त्याला ठाऊक नाही.

आपल्या माणसांनी आपल्या गावावर मराठीत लिहिलेली दोन पुस्तके मी वाचली. एक त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचे ‘गावगाडा’, साल १९१५. आत्रे महसूल खात्यातले. पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, सगळ्यांचा हिशेब त्यांनी मांडला आहे. जुने गाव म्हणजे रामराज्य, असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. कुणबी किती जणांना पोसतो आणि त्यात कसा पिचतो हे ते न भिता सांगतात. दुसरे नारायण गोविंद चापेकर ह्यांचे बदलापूर गावावरचे, १९३३ सालचे. हे न्यायखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उल्हास नदीकाठच्या त्या लहान गावात राहून त्यांनी गावची माणसे, घरे, धंदे, चालीरीती असे सगळे बारकाईने टिपले. पुढल्याच वर्षी, १९३४ साली, ते बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आज बदलापूर केवढे शहर झाले आहे ते तिकडे लेक दिलेल्या आपल्या भगिनींना ठाऊकच आहे. ते जुने गाव आता त्या पुस्तकातच राहायला गेले आहे. एका लहान गावावर एवढे जाड पुस्तक होऊ शकते हे पाहून मला धीर आला. कारण आपलेही गाव लहानच आहे.

दोन्ही पुस्तके मोलाची. पण मी ज्या गाण्याच्या शोधात होते ते मला त्यांत फारसे भेटले नाही. ते भेटले साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’मध्ये. ‘श्यामची आई’ घरोघर आहे, ‘स्त्री जीवन’ मात्र पुष्कळ जणींना माहीत नाही. १९४० च्या सुमारास निघालेला हा ओव्यांचा संग्रह आहे. भाऊबहीण, माहेर, सासर, तान्हे बाळ, पंढरी असे विषय पाडून गुरुजींनी ओव्या लावल्या आहेत आणि मध्ये मध्ये समजावून सांगितल्या आहेत. एक अविवाहित पुरुष बायकांच्या ओव्या गोळा करत हिंडतो, लिहून घेतो, जपतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. लोक हसलेही असतील. गुरुजींचे समजावणे कधी कधी जरा जास्त गोड होते, असे माझे मत आहे. जी ओवी कडू आहे तिलाही ते साखर लावतात. पण ओव्या खऱ्या आहेत आणि वाचताना जात्याची घरघर ऐकू येते.

दुसरे नाव आपल्याच वाळवे तालुक्यातले. बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर. जन्म १९२०, निधन २००८. त्यांचे वडील कृष्णराव बाबर ‘समाज शिक्षण माला’ चालवीत. साध्या माणसाला वाचता येईल अशी लहान लहान पुस्तके त्यात निघत. सरोजिनीबाई पुढे आमदार झाल्या, राज्यसभेवर गेल्या. पण आपल्याला त्यांचे मोल आहे ते राज्य सरकारच्या लोकसाहित्य समितीच्या कामासाठी. त्या समितीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी गावोगावची गाणी, कहाण्या, उखाणे, खेळ, सणवार, कुळाचार ह्यांचे खंडामागून खंड काढले. ‘एक होता राजा’, ‘दसरा दिवाळी’, ‘कुलदैवत’ ही नावेच बघा. परक्याने मोजलेली भांडी आणि घरच्या लेकीने मांडलेली भांडी ह्यांतला फरक इथे कळतो. पंचमीला आपण झिम्मा-फुगडी खेळतो, हादग्याला फेर धरतो, त्यांतली कितीतरी गाणी मला त्यांच्या खंडांत सापडली. काही गाणी थोडी निराळी आहेत. आमच्या आळीत एक शब्द, पुस्तकात दुसरा. त्यावरून दोघींचा वाददेखील झाला! दोन्ही शब्द बरोबर आहेत, एवढेच मी म्हणेन.

त्याच काळात, १९५६ साली, दुर्गाबाई भागवतांचे ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ निघाले. ते विद्वानांसाठी आहे. मी निम्मे वाचले आणि परत केले.

आणि बहिणाबाई. त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्म, तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीत वैधव्य. अक्षरओळख नाही. शेतात आणि जात्यावर त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व एक आतेभाऊ-मामेभावांतला मुलगा ती गाणी उतरवून घेत. सोपानदेव स्वतः कवी. पण आईची गाणी छापण्याजोगी आहेत की नाहीत ह्याची त्यांना शंका होती. १९५१ च्या डिसेंबरात आई गेली. मग त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि अत्र्यांनी हे सोने जगापुढे आणलेच पाहिजे असा आग्रह धरला. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले. ह्यात मला दोन गोष्टी दिसतात. एक, त्यांची गाणी त्यांच्याच बोलीत छापली. कोणी शुद्ध करण्याच्या भरीस पडले नाही. दुसरी, त्यांनी आयुष्यभर जेवढे गायिले त्यातले हाताच्या ओंजळीत राहील एवढेच कागदावर आले. बाकीचे शेतात आणि जात्यापाशीच राहिले. घरात लिहिता येणारा मुलगा नसता तर तेवढेही आले नसते.

ह्या शेवटच्या गोष्टीमुळेच आपल्या मंडळात वहीची कल्पना निघाली. गेल्या मार्गशीर्षात आपण ठरविले की, गावातल्या साठ-सत्तरीच्या पुढच्या बायकांकडून ओव्या लिहून घ्यायच्या. मी सुरुवात घरापासून केली. सासूबाईंपाशी वही घेऊन बसले. त्यांना चारच आठवल्या. त्यांतल्याही दोन अर्ध्या. मी म्हटले, ‘‘आत्याबाई, तुम्ही तर पायली पायली दळलंय. एवढ्याच कशा?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आगं, हात फिरल्याबिगर तोंडाला यीत न्हाई.’’

आमचे जाते परसात कपडे धुण्याच्या दगडाशेजारी पालथे पडले होते. गावात वीज आली, वीज आली तशी चक्की आली, आणि जाते अंगणातून परसात गेले. घरोघर हेच झाले. ह्यांनी आणि धाकट्या भाऊजींनी ते उचलून आणले. खुंटा कुजून गेला होता. सुताराने बाभळीचा नवा करून दिला. रविवारी पहाटे सासूबाई जात्याशी बसल्या. समोर मी. मोबाईल मुलीने खुंटीला अडकवून ठेवला. पहिली वैरण घातली, चार वेढे झाले, आणि ओवी आली. मग एकीमागून एक येतच राहिल्या. पहिली देवाला, दुसरी आईबापांना, तिसरी भावाला, असा जो क्रम पुस्तकांतून वाचला होता तोच क्रम. मध्ये मी दम खाण्यासाठी हात थांबविला तर गाणेही थांबले. दीड तासात तेवीस ओव्या झाल्या. पीठ काही झाले नाही. दगड गुळगुळीत झाल्यामुळे जोंधळ्याचा नुसता भरडा निघाला, तो म्हशीला घातला.

मुलीने मोबाईलवरून ऐकून ओव्या वहीत उतरविल्या. तिने ‘न्हाई’चे ‘नाही’ केले, ‘इवाय’चे ‘व्याही’ केले. सासूबाईंना वाचून दाखविले तर त्या म्हणाल्या की, ही माझी ओवी नव्हे. म्हणून पाहिले तर खरेच ती जात्याच्या फेऱ्यात बसेना. पाऊण वेढ्यातच संपू लागली. तेव्हापासून आम्ही ऐकू येईल तसेच लिहितो.

असे काम आपणच करतो आहोत असे कोणी समजू नये. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्या दोघांनी १९८० नंतरच्या काळात मुळशीकडच्या डोंगरातल्या गरीब बायकांबरोबर काम करताना ओव्या जमविण्यास सुरुवात केली. पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच झाले. २००४ साली ते वारले. पुढे पुढे हे काम वाढत वाढत हजाराहून अधिक गावांत गेले. तीन हजारांवर बायकांनी गायिलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यात आहेत. त्या आता ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहात ठेवलेल्या आहेत आणि मोबाईलवर कोणालाही वाचता येतात, कित्येक तर गाणारणीच्या आवाजात ऐकताही येतात. मुख्य गोष्ट ही की, ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गावाचे नाव आहे. गुरुजींच्या संग्रहात ओवी आहे पण बाई नाही. इथे बाई आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या त्यात आहेत. त्या ऐकल्यावर मला कळले की, जुन्या संग्रहांत फक्त ओव्यांची नावेच राहून गेली नव्हती, अख्ख्या वस्त्यासुद्धा राहून गेल्या होत्या. इरावतीबाई कर्व्यांनी पंढरीच्या वारीबरोबर चालून जो लेख लिहिला (तो १९४९ च्या ‘परिपूर्ती’ पुस्तकात आहे) त्यातही एकाच वाटेने चालणाऱ्या जातीजातींच्या वेगळ्या पंगती पाहून त्यांना झालेले दुःख आहे. मुलखाची थोरवी सांगायची तर हेही सांगितले पाहिजे. म्हणून आपल्या वहीसाठी आम्ही गावठाणाबाहेरच्या दोन्ही वस्त्यांत गेलो, आणि वहीतल्या सर्वांत चांगल्या ओव्या तिथल्याच आहेत, हे मी भीडभाड न ठेवता लिहिते.

आता वादाविषयी. तो सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही. वहीत दोनशे चौदा ओव्या झाल्या. त्यांतल्या निवडक स्मरणिकेत घ्यायच्या ठरल्या. काही भगिनींचे म्हणणे पडले की, सासूला, नणंदेला, दिराला लावून बोललेल्या ओव्या घेऊ नयेत. स्मरणिका पाहुण्यांच्या हाती जाणार, चांगले दिसत नाही. माझे मत तेव्हाही उलटे होते आणि आजही आहे. जात्यापाशी पहाटेच्या अंधारात बाईला जेवढे मोकळे बोलता येत होते तेवढे दिवसभरात दुसरीकडे कुठे येत नव्हते. नवरा झोपलेला, सासू अंथरुणावर जागी, आणि सून गाण्यातून सांगते आहे की, मला काय होते आहे. सासूला ते ऐकू जात होते, आणि गाणे म्हणून तिला त्यावर भांडता येत नव्हते! ह्या ओव्या काढून टाकल्या तर मागे देव आणि तान्हे बाळ एवढेच उरेल. आपल्या आज्या एवढ्याच नव्हत्या. माझ्या सासूबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, ‘‘खुशाल छापा. माझी सासू जाऊन तीस वर्सं झाली. आता कुणाला राग यायचा?’’ अखेर मते घेतली आणि त्या ओव्या घेण्याचे ठरले. ज्या भगिनींना पटले नाही त्यांनी रांगोळीच्या पानाचे काम मनापासून केले, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

दुसरी अडचण मात्र मताने सुटणारी नव्हती. प्रत्येक ओवीखाली गाणारणीचे नाव घालायचे, हा आग्रह माझा. सगळ्या तयार झाल्या. लाजत का होईना, पण झाल्या. एका मावशींनी मात्र नको म्हटले. त्यांची ओवी भावाविषयी आहे. बापाच्या पश्चात भावाने सह्या घेतल्या आणि जमीन नावावर करून घेतली, ते त्यात आहे. तशा शब्दांत नाही, पण ज्याला कळायचे त्याला कळेल. भाऊ हयात आहे. मावशींची ओवी एवढी चांगली आहे की, ती ऐकून बैठकीत कोणी बोलेना. मी म्हटले, ‘‘मावशी, नाव नसलं तर उद्या ही ओवी कुणाची म्हणून सांगणार?’’ त्या म्हणाल्या, ‘‘अगं, वर्षातनं एकदा पंचमीला बोलावणं येतं. ते पण बंद करायचं काय?’’ ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या इच्छेप्रमाणे ओवी घेतली आहे आणि खाली ‘एक बहीण’ एवढेच घातले आहे. वहीतही तसेच आहे. गावाचे नावही नाही. जुन्या संग्रहांतल्या बिननावाच्या ओव्या पाहिल्या की आता माझ्या मनात येते, ह्यांतल्या काहींची नावे लिहिणाऱ्याने गाळली असतील, पण काहींची गाणारणीनेच हात धरून थांबविली असतील.

जाता जाता एका निराळ्या पुस्तकाचा उल्लेख करते, कारण ओवीइतकीच चूलही आपल्या मुलखाची ठेव आहे. आपल्या जवळच्या किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू झाले आणि शेकडो बायकांच्या हाती लेखणी आली. त्याच किर्लोस्करांनी १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ काढले. कमलाबाई आपल्या सांगली भागातल्या, शिक्षण चौथीपर्यंतचे, म्हणजे माझ्याहूनही तीन यत्ता कमी. त्यांच्या आधी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ निघाले होते. तेही मोठे काम. पण कमलाबाईंनी वाटी-चमच्याची मापे दिली आणि नव्या सुनेला तराजूशिवाय स्वयंपाक करता येऊ लागला. आमच्या घरातल्या प्रतीची पाने तेलाने पारदर्शक झाली आहेत. सासूबाईंना वाचता येत नाही. तरी आंबोळीचे पान कोणते ते त्या डागावरून काढून देतात.

वहीविषयी दोन गोष्टी कळवायच्या राहिल्या. वही मंडळाच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. ज्यांना वाचायची असेल त्यांनी बुधवारी भजनाच्या आधी यावे, घरी नेऊ देणार नाही. दुसरा भाग सुरू केला आहे. खालच्या आळीतल्या आजी संक्रांतीनंतर कायमच्या लेकीकडे पुण्याला राहायला जाणार आहेत. त्यांचे वय ब्याऐंशी. त्यांना कांडणाच्या ओव्या येतात, ज्या आत्तापर्यंत दुसऱ्या कोणाकडेही मिळाल्या नाहीत. त्या जाण्याआधी चार सकाळी आम्ही त्यांच्याकडे बसणार आहोत. उखळ त्यांच्या घरी आहे, मुसळ नाही. कोणाकडे वापरातले मुसळ असेल तर द्यावे. त्याचप्रमाणे आमच्या जात्याला टाकी लावून हवी आहे. पूर्वी टाकी लावणारे दारावर येत. आता कोणी येत नाही. असा कारागीर कोणास माहीत असल्यास चिटणीसबाईंकडे किंवा माझ्याकडे निरोप द्यावा. येण्याजाण्याचे भाडे आणि मजुरी मंडळ देईल.